साहित्यातील पात्रांची स्व-ओळख आणि विकासात्मक मानसशास्त्र

कथा, कादंबरी वा नाटकातील पात्र ‘मी कोण’ या प्रश्नाला कसे सामोरे जाते, याचा विकासात्मक मानसशास्त्राच्या आधारे विचार करणे ही साहित्यसमीक्षेतील एक पद्धत आहे. तिचा प्रमुख आधार म्हणजे एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांचा मनोसामाजिक विकासाचा सिद्धान्त. ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ (१९५०) या ग्रंथात त्यांनी मानवी आयुष्याच्या आठ अवस्था मांडल्या. त्यांपैकी पाचवी, पौगंडावस्था, स्व-ओळखीच्या पेचाची मानली जाते. कायमची बांधिलकी स्वीकारण्यापूर्वी समाज तरुणांना चाचपडण्यासाठी जी सवड देतो, तिला एरिक्सन यांनी मनोसामाजिक स्थगिती असे म्हटले. शेक्सपिअरच्या हॅम्लेटची चर्चाही त्यांनी याच अंगाने केली: विटेनबर्गहून परतलेल्या या विद्यार्थ्याला निष्ठा वाहावी असे कोणी वा काही सापडत नाही.

जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये शोध आणि बांधिलकी या दोन निकषांवर स्व-ओळखीच्या चार स्थिती सांगितल्या: विस्कळीत, उसनी, स्थगित आणि साध्य. स्वतः शोध न घेता घरच्यांनी ठरवलेली वाट पत्करणे, ही उसनी स्थिती.

मराठीत भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी या दृष्टीने वाचता येते. खानदेशातील सांगवीहून पुण्यास शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरची वसतिगृहातील वर्षे ही वडिलांच्या पैशावर मिळालेली स्थगितीच आहे. मात्र धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूनंतर त्याला पडणारे प्रश्न व्यवसाय वा भूमिकेच्या निवडीत मावत नाहीत. तो गावी परततो, पण त्या परतण्याला ‘साध्य’ म्हणावे की ‘विस्कळीत’, हे मार्शियांच्या चौकटीतून ठरत नाही. सिद्धान्त येथे अपुरा पडतो आणि कादंबरीचे वेगळेपण नेमके तेथेच दिसते.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. मार्शिया यांनी आपल्या स्थिती महाविद्यालयीन तरुणांच्या मुलाखतींतून निश्चित केल्या. पात्राची मुलाखत घेता येत नाही आणि संहितेबाहेर त्याला बालपणही नसते. एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मधील निबंधाच्या शीर्षकातच लेडी मॅकबेथला मुले किती होती, असा उपरोधिक प्रश्न विचारून पात्रांना हाडामांसाची माणसे समजणाऱ्या समीक्षेची खिल्ली उडवली होती. कॅरल गिलिगन यांनी ‘इन अ डिफरंट व्हॉइस’ (१९८२) मध्ये दाखवले, की एरिक्सन यांचा अवस्थाक्रम पुरुषांच्या जीवनक्रमावर बेतलेला असून स्त्रियांच्या बाबतीत ओळख आणि जिव्हाळा बहुधा एकत्रच घडतात. त्यामुळे स्त्री-पात्रांच्या नातेसंबंधांना केवळ अपरिपक्वतेचे लक्षण समजणारे वाचन सदोष ठरते.