फेब्रुवारीतली मोजणी आणि वैशाखऱ्यातलं मत

भिवंडी लोकसभा मतदारसंघाचा परिचय लिहायचा, एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. भिवंडीतून सुरुवात करणं सोपं होतं. यंत्रमाग आहेत, महामार्गाला चिकटलेली गोदामं आहेत आणि मतदारसंघाला नावही त्याच शहराचं आहे. पण मतदारसंघ म्हणजे आधी त्याची सीमा, आणि सीमेवर लिहायचं तर सीमेपाशी जावं, असं वाटलं. म्हणून मुरबाडहून माळशेजकडे जाणारी एसटी धरली. सरळगाव आणि टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्याला उतरलो.

वैशाखरे ट्रेकर मंडळींना ठाऊक आहे ते नाणेघाटामुळे. इथून पायवाट वर चढते. माथ्याजवळ सातवाहनांचं लेणं आहे, त्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे. वर पठारावर दगडी रांजण आहे आणि पलीकडे घाटघर. जुन्या व्यापारी वाटेवरचं हे जकातीचं ठाणं आजही सीमेचंच काम करतं. घाट संपला की ठाणे जिल्हा संपतो आणि पुणे जिल्ह्यातला जुन्नर तालुका लागतो. लोकसभेचं गणितही तिथेच बदलतं. खालचा मतदार भिवंडीचा खासदार निवडतो, वरचा शिरूरचा. भिवंडी आणि शिरूर हे दोन्ही मतदारसंघ आजच्या रूपात मतदारसंघ फेररचनेच्या २००८ च्या एकाच आदेशातून आले. सह्याद्रीचा कडा ही सीमा म्हणून कुणालाही पटेल. अडचण दुसऱ्या बाजूला आहे. वैशाखऱ्याच्या माणसाला आपल्या मतदारसंघाचं नाव असलेल्या शहरात जायचं तर मुरबाड, कल्याण करत सत्तरेक किलोमीटर जावं लागतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. भिवंडी नावाचा लोकसभा मतदारसंघ पूर्वीही होता. जव्हारचे शेवटचे संस्थानिक यशवंतराव मुकणे १९६२ साली तिथूनच निवडून गेले होते. सत्तरच्या दशकातल्या फेररचनेत तो नकाशावरून गेला. भिवंडी आणि शहापूर डहाणूला जोडले गेले. डहाणू हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ. तीस वर्षांनी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या फेररचना आयोगाने तो मोडला आणि भिवंडी पुन्हा उभा केला. आदेश फेब्रुवारी २००८ मध्ये लागू झाला आणि २००९ ची निवडणूक नव्या सीमांवर झाली. तेव्हापासून सुरेश टावरे, कपिल पाटील (दोनदा) आणि २०२४ मध्ये सुरेश म्हात्रे असे तीन खासदार झाले. तिघेही भिवंडी परिसरातले.

आता आकडे, कारण सगळा खेळ त्यांचाच आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाखांच्या आसपास होती. जागा गोठवलेल्या होत्या, लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८. भागाकार केला की एका लोकसभा मतदारसंघाला सुमारे २० लाख माणसं येतात आणि एका विधानसभेला ३ लाख ३६ हजार. आयोगाला याच मापाने जिल्हे कापायचे होते. अविभाजित ठाणे जिल्ह्यात त्या वेळी ८१ लाख लोक होते. म्हणून विधानसभेच्या १३ जागांच्या २४ झाल्या आणि पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे असे लोकसभेचे चार मतदारसंघ आखले गेले. राज्याच्या एकूण जागा वाढलेल्या नव्हत्या, त्यामुळे हे कुठून तरी कमी होणार होतं. कोकणात रत्नागिरी, राजापूर आणि कुलाबा या तिघांच्या जागी रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे दोनच उरले. गाव सोडून मुंबई-ठाण्यात आलेल्या चाकरमान्याच्या मागोमाग त्याची लोकसभेची जागाही आली.

मुरबाड तालुका या मापात बसत नाही. २०११ मध्येही त्याची लोकसंख्या १ लाख ९० हजारांच्या घरात होती, २००१ मध्ये त्याहून कमी. विधानसभेचा मतदारसंघ भरायचा तर जवळपास तेवढीच माणसं बाहेरून आणायला हवी होती. म्हणून मुरबाड तालुक्याला अंबरनाथ तालुक्याचा तुकडा जोडला, त्यात कुळगाव-बदलापूर शहर आलं. कल्याण तालुक्यातला काही भागही आला. आदेशात हे सगळं शब्दांत लिहिलेलं आहे. नकाशावरची रेघ नंतर येते. कायद्याला मान्य असते ती यादी: अमुक तालुका, अमुक तालुक्याचा भाग, त्यातली महसूल मंडळं, सजे, नगरपालिका. तलाठ्याचा सजा हा या यंत्राचा सगळ्यात लहान दाता. तो फोडायचा नाही, विधानसभा मतदारसंघ फोडून दोन लोकसभांत वाटायचा नाही आणि लोकसंख्या सरासरीच्या जवळ ठेवायची. या तीन अटी एकत्र आल्या की मग डोंगर, रस्ता, बोली, बाजारहाट यांना जमेल तेवढीच जागा उरते. कायद्यात भौगोलिक रचना, दळणवळण आणि लोकांची सोय यांचा उल्लेख आहे. पण नुसती सोय आकड्यापुढे टिकत नाही.

यंत्र किती हट्टी आहे, ते १ ऑगस्ट २०१४ रोजी दिसलं. त्या दिवशी पालघर जिल्हा झाला आणि वाडा तालुका तिकडे गेला. पण त्या तालुक्यातली काही गावं भिवंडी ग्रामीण विधानसभेत होती, ती तिथेच राहिली. आज त्यांचा जिल्हाधिकारी पालघरला आहे आणि खासदार भिवंडीचा. जिल्ह्याची हद्द शासन अधिसूचना काढून हलवू शकतं. आयोगाची हद्द तशी हलत नाही. तिला न्यायालयातही आव्हान देता येत नाही, असं मेघराज कोठारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली सांगितलं होतं, आणि आजही त्याला फारसा वाव नाही.

एवढं वाचून मी आलो होतो. वैशाखऱ्याच्या परिसरात ज्या बाई भेटल्या त्यांच्याकडे मात्र हे सगळं दुसऱ्या टोकाने पाहण्याची सवय होती. त्या अंगणवाडी सेविका आहेत आणि निवडणूक आयोगाच्या लेखी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीची जबाबदारी असलेल्या. गावात सगळे त्यांना ताई म्हणतात. पोषण आहाराचं रजिस्टर आणि मतदार यादी दोन्ही एकाच कापडी पिशवीत असतात. यादीच्या पानावर तीस चौकटी: नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. वाडीतल्या बहुतेक चौकटींत घर क्रमांकापुढे नुसती आडवी रेघ. त्यांच्या स्वतःच्या प्रतीवर बऱ्याच नावांशेजारी पेन्सिलीने ‘भ’ लिहिलेलं होतं. भ म्हणजे भट्टी.

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं, काही ठाकूर कुटुंबंही, जगायला जातात. जगायला जाणं हा इथला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. वीटभट्टीच्या मालकाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. भिवंडी, कल्याण, पनवेल, जिथे ट्रक नेईल तिथे. मुलंबाळं, कोंबड्या, भांडी सगळं सोबत. शिमग्याला कुणी दोन दिवस येतं, नाही तर थेट पावसाच्या तोंडावर. या काळात घराला काटक्या लावून बंद केलेलं असतं.

ताईंना हे यादीसाठी वेगळं शोधावं लागत नाही. कुठलं मूल खाऊ घ्यायला आलं नाही, यावरून त्यांना ट्रक गेल्याचं कळतं. पण यादीच्या पुनरीक्षणात त्यांच्यापुढे जे रकाने येतात ते मयत, दुबार आणि स्थलांतरित. ‘भ’ साठी रकाना नाही. दार बंद दिसलं, शेजारी सांगायला नाही, की स्थलांतरित लिहिणं कागदोपत्री सरळ होतं. त्या तसं लिहीत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की गेलेला माणूस परत येतो हे ज्याला माहीत आहे त्याने त्याला गेलेला म्हणू नये. मला या बाईंचं फार कौतुक वाटलं, कारण १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा अगदी हेच म्हणतो. कलम २० प्रमाणे माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं सर्वसाधारण रहिवासाचं ठिकाण बदलत नाही. ताईंनी ते कलम वाचलेलं नव्हतं. त्या ते पेन्सिलीने पाळत होत्या.

आणि नाव टिकलं तरी मत पडेल असं नाही. २०२४ ला भिवंडीचं मतदान २० मे रोजी झालं. भट्ट्या तेव्हा अजून पेटलेल्या असतात. भिवंडी तालुक्यात भट्टीवर असलेला वैशाखऱ्याचा मतदार त्या दिवशी स्वतःच्याच लोकसभा मतदारसंघात उभा होता. उमेदवार तेच, यंत्रावरची चिन्हं तीच. पण त्याचं नाव ज्या भागाच्या यादीत, तिथलं केंद्र सत्तर किलोमीटरवर. दिवसाची मजुरी सोडून, जाण्यायेण्याचं भाडं भरून तो कसा जाणार? इतकी धडपड करून आखलेली मोठी सीमा त्याच्या आड आली नाही. आड आली ती यादीच्या भागाची लहानशी सीमा.

इथपर्यंत गोष्ट मतदार यादीची होती. खरी काळजी वाटते ती जनगणनेची, कारण पुढचा मतदारसंघ यादीतल्या नावांवरून आखला जात नाही, जनगणनेतल्या डोक्यांवरून आखला जातो.

आपली जनगणना फेब्रुवारीत होते. २००१ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. त्या काळात जो आपल्या नेहमीच्या जागी एकदाही नव्हता, तो जिथे सापडला तिथे मोजला गेला. पद्धत म्हणून त्यात चूक नाही. एका माणसाची दोनदा मोजणी होऊ नये यासाठी तसा नियम लागतो. पण फेब्रुवारी हा भट्टीचा ऐन हंगाम. म्हणजे मुरबाड-शहापूरच्या वाड्यांतली कुटुंबं भट्टीवर मोजली गेली, आणि तीही गणक त्या भट्टीपर्यंत पोहोचला असेल तर. मतदार म्हणून हा माणूस वैशाखऱ्याचा, लोकसंख्या म्हणून भिवंडीचा किंवा पनवेलचा. एका कायद्याने त्याला गावात ठेवलं आणि दुसऱ्या कामाने त्याला शहराकडे जमा केलं. जी वाडी मोजणीत हलकी होते तिच्या वाट्याचं वजन शेजारच्या शहराला मिळतं.

मुरबाडच्या बाबतीत हे वजन आधीच कलंडलेलं आहे. कुळगाव-बदलापूर २००१ मध्ये लाखाच्या आत होतं, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास पोहोचलं आणि त्यानंतर किती वाढलं ते लोकलच्या दारात लटकणाऱ्यांना विचारावं. मुरबाड विधानसभेचे मतदार आज चार लाखांवर गेले आहेत. उमेदवाराने प्रचाराचे दिवस कुठे घालवावेत हे मग कुणी सांगावं लागत नाही. बदलापूरकरांचा यात काही दोष नाही. त्यांना लोकल हवी, पूररेषेचा प्रश्न सुटायला हवा, तेही खरंच प्रश्न आहेत. पण नाणेघाटाखालच्या वाडीत मार्चपासून विहिरीचा तळ दिसतो. शहापुरात तानसा, भातसा भरलेली असतात, ते पाणी मुंबईला जातं आणि धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर टँकर येतो. या मागण्या मांडणारी मतं मोजणीच्या वेळी गावाबाहेर असतात आणि मतदानाच्या वेळीही.

शहापूरची तर आणखी एक गोष्ट आहे. डहाणू असताना तिथला आदिवासी मतदार राखीव लोकसभा मतदारसंघात होता. २००९ पासून तो खुल्या मतदारसंघात आहे. शहापूर आणि भिवंडी ग्रामीण या विधानसभा राखीव आहेत, पण दिल्लीला पाठवायच्या माणसाबाबत ते संरक्षण उरलं नाही. अनुसूचित जमातींच्या जागा जिथे त्यांचं प्रमाण जास्त तिथे द्यायच्या, असा नियम आहे. प्रमाण काढायचं ते पुन्हा फेब्रुवारीतल्या मोजणीवरून.

८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकलली होती. ती जनगणना जाहीर झाली आहे आणि तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मोजणी पुन्हा फेब्रुवारीत, भट्ट्या पुन्हा पेटलेल्या. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांचं एक तृतीयांश आरक्षणही जनगणनेनंतरच्या फेररचनेशी बांधलं आहे, म्हणजे या वेळी पणाला बरंच काही आहे.

तेव्हा या भागातल्या ग्रामपंचायतींना, संघटनांना आणि वाचकांपैकी ज्यांचा या तालुक्यांशी संबंध आहे त्यांना विनंती आहे. फेब्रुवारी २०२७ च्या आधी ग्रामसभेत ठराव करून कोणतं कुटुंब कुठल्या भट्टीवर गेलं आहे याची नोंद ठेवा आणि ती तहसीलदारांकडे द्या, म्हणजे निदान भट्टीवर कुणी मोजणीतून सुटणार नाही. फेररचनेचा मसुदा निघेल तेव्हा वर्तमानपत्रातला नकाशा पाहून थांबू नका, महसूल मंडळांची यादी वाचा. २००८ च्या आदेशाआधी आयोगाने मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या होत्या आणि जाहीर सुनावण्या घेतल्या होत्या. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून आयोगासोबत होते, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. त्यामुळे आमदार-खासदार बघून घेतील असं समजू नका. हरकत लेखी द्या, आकड्यांसह द्या आणि मुदतीत द्या. आदेश राजपत्रात आला की त्याविरुद्ध दाद मागायला फारशी जागा उरत नाही.