माळावरचे झाड कुंडीत

पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यात कऱ्हा नदीच्या काठी मोरगाव आहे. मयूरेश्वराच्या देवळामुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. गावाबाहेर पडले, की माळ लागतो. येथे पाऊस थोडा पडतो आणि जमीन मुरमाड आहे. अशा माळावर एखादे बोरीचे झुडूप तुमच्या गुडघ्याएवढेच असते. पण खाली वाकून त्याचे खोड पाहा. ते मनगटाएवढे जाड असू शकते. साल भेगाळलेली असते. झुडूप लहान दिसते, पण त्याचे वय लहान नसते. दरवर्षी त्याला कोवळे शेंडे फुटतात आणि दरवर्षी शेळ्या ते खाऊन टाकतात. म्हणून ते उंच होत नाही. शेळी ही माळावरची माळीणच म्हणायची!

उथळ तबकात वाढवलेल्या लहान झाडाला जपानी लोक 'बोन्साय' म्हणतात. तेथे डोंगरावर वारा आणि बर्फ यांमुळे खुजी राहिलेली झाडे आणून बोन्साय करण्याची जुनी रीत आहे. हे वाचून तुम्हाला वाटेल, आपणही कुदळ घेऊन माळावर जावे आणि आठ दिवसांत चित्रातल्यासारखे झाड खिडकीत ठेवावे. तसे होत नाही. का होत नाही, ते पाहू.

झाड पाणी शोषते ते जाड मुळांनी नव्हे, तर केसांसारख्या बारीक मुळांनी. कोरड्या जमिनीत ही बारीक मुळे पाण्याच्या शोधात खोडापासून लांब गेलेली असतात. बाभळीचे सोटमूळ तर फार खोल जाते. आपण खोडाभोवती हातभर खणतो आणि झाड उपटतो. हाती काय येते? जाड मुळांचे तुकडे. झाडाचे तोंडच जमिनीत राहून जाते.

यापुढची गोष्ट फसवी आहे. असे झाड कुंडीत लावले, की पंधरा दिवसांत त्याला पालवी फुटते. आपल्याला आनंद होतो. पण ही पालवी खोडात साठवलेल्या अन्नावर फुटलेली असते. नवी मुळे अजून आलेलीच नसतात. साठा संपला, की पाने कोमेजतात. मीही एकदा अशी पालवी पाहून बोरीचे झाड उन्हात ठेवले आणि फांद्यांना तार बांधली. महिन्याभरात ते वाळले. शेळ्यांनी इतकी वर्षे खाऊनही जे मेले नव्हते, ते माझ्या घाईने मेले.

म्हणून सुरुवात वड, पिंपळ किंवा उंबर यांपासून करा. पक्षी त्यांची फळे खातात. त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात आणि विहिरीच्या कठड्यात, जुन्या भिंतीच्या फटीत रोपे उगवतात. भिंत फुटू नये म्हणून लोक ती एरवीही काढून टाकतात. घरमालकाला विचारून असे रोप घ्या. या झाडांना नवी मुळे लवकर फुटतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला ते काढा, मुळे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणा आणि तळाला भोक असलेल्या मोठ्या कुंडीत लावा. मातीत विटांचे बारीक तुकडे मिसळा, म्हणजे पाणी साचणार नाही. कुंडी सावलीत ठेवा. नंतर वर्षभर कात्री लावू नका.

माळावरचे झाड मात्र जमिनीच्या मालकाला विचारल्याशिवाय आणू नये. मोरगावजवळच सुपे येथे १९९७ पासून मयूरेश्वर अभयारण्य आहे. तेथे चिंकारा जातीची हरणे राहतात. तेथील झाड उपटणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

झाड जगले, तरी काही गोष्टी बदलणार नाहीत. लहान कुंडीत खोड फारसे जाड होत नाही. आणताना ते जेवढे जाड होते, जवळजवळ तेवढेच राहते. वडाची पाने थोडी लहान होतात, पण चिंचेच्या पानांएवढी कधीच होणार नाहीत. फळे तर मुळीच लहान होत नाहीत. हातभर उंचीच्या बोरीला नेहमीच्याच आकाराचे बोर लागले, तर नवल वाटून घेऊ नका. जाड फांदी कापल्याची खूण बुजायला कित्येक वर्षे लागतात. काही खुणा तर बुजतच नाहीत.

दुसऱ्या पावसाळ्यात कुंडीच्या तळाच्या भोकाकडे पाहा. तेथून पांढरी बारीक मुळे डोकावत असतील, तर झाडाने घर मानले आहे. आता एखादी फांदी कापायला हरकत नाही. पण एकच! उथळ तबकाचा विचार आणखी दोन-तीन वर्षांनी करू.