ऑपरेशन चालू असतानाच गाठीची तपासणी

घरातील कोणाच्या गाठीचे ऑपरेशन असले की बाहेर बसलेल्यांच्या कानावर 'फ्रोझन सेक्शन' हा शब्द पडतो. गाठीचा लहान तुकडा गोठवून त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा, असा त्याचा अर्थ. गाठ कर्करोगाची आहे काय, ती पुरती निघाली काय, याचा अंदाज रोगी टेबलावर असतानाच येतो. पुष्कळदा दुसरे ऑपरेशन टळते. 1905 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. लुई विल्सन यांनी ही पद्धत रोजच्या उपयोगाची केली.

सारे यश गोठवण्यावर असते. टोमॅटो फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून मग बाहेर काढा. तो लिबलिबीत होतो. सावकाश गोठताना पाण्याचे मोठे स्फटिक बनतात व पेशी फाटतात. गाठीचेही तसेच. झटपट गोठवले तर स्फटिक बारीक राहतात. म्हणून तुकडा लहान घेतात, पाण्यात भिजवीत नाहीत, वरचा ओलावा हलकेच टिपून घेतात.

गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या नळ्या ज्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात, तो उणे 196 अंश सेल्सिअस इतका थंड असतो. पण तुकडा थेट त्यात टाकला तर भोवती वायूचे आवरण बनून गोठणे मंदावते. म्हणून काही प्रयोगशाळांत नायट्रोजनने आधी आयसोपेंटेन नावाचा द्रव थंड करून तुकडा त्यात बुडवितात.

पुढे क्रायोस्टॅट यंत्रात, सुमारे उणे 20 अंशांवर, मिलिमीटरच्या 200 व्या भागाइतका पातळ काप घेतात. तुकडा फार थंड झाला तर काप तडकतो, कमी थंड राहिला तर चुरगळतो. चरबीच्या तुकड्याला जास्त थंडी लागते, कारण चरबी लवकर कडक होत नाही. काप काचपट्टीवर घेऊन रंगवितात. साधारण अर्ध्या तासात उत्तर मिळते.

तरीही मेणात बसविलेल्या कापाइतका हा काप स्पष्ट नसतो. म्हणून तोच तुकडा व बाकीची गाठ पुन्हा त्या पद्धतीने तपासतात. तो पक्का रिपोर्ट काही दिवसांनी येतो व क्वचित पहिल्यापेक्षा वेगळा निघतो. यात कोणी फसविले असे समजू नये. मात्र 'गाठ साधी आहे' एवढे ऐकून, पेरणीची घाई आहे म्हणून घरी परतू नये. पक्का रिपोर्ट अवश्य घ्यावा, डॉक्टरांना दाखवावा व जपून ठेवावा.