त्वचेवरील सूक्ष्मजीवांचा समतोल आणि रुग्णालयातील स्वच्छता

आपल्या रुग्णालयास आर्थिक देणग्यांबरोबरच वस्तुरूपानेही मोलाचे साहाय्य लाभते. दिवाळीच्या सुमारास, तसेच घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मृतिदिनी येणाऱ्या जंतुनाशक साबणाच्या पेट्या आणि जंतुनाशक द्रवाच्या बाटल्या यांचा त्यात मोठा वाटा असतो. देणाऱ्यांची भावना निर्मळ असते. रुग्णालयात जंतू फार, तेव्हा जंतू मारणारी वस्तू द्यावी, हा विचार साहजिकच आहे. तरीही या वस्तू रुग्णांच्या आंघोळीसाठी आम्ही सरसकट वापरत नाही. प्रसूती विभागात व नवजात शिशू कक्षात तर मुळीच नाही. यामागील कारणे देणगीदारांना, विश्वस्तांना आणि रुग्णांच्या नातेवाइकांना ठाऊक असावीत, म्हणून हा लेखप्रपंच. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्रातील जे येथे मांडले आहे, ते रुग्णालयातील तज्ज्ञ डॉक्टर व परिचारिका यांच्या सहवासात आणि वाचनातून समजलेले आहे.

प्रौढ माणसाच्या अंगावर सुमारे दीड ते दोन चौरस मीटर त्वचा असते आणि ती कधीही निर्जंतुक नसते. कितीही घासून स्नान केले तरी तिच्यावर असंख्य जिवाणू व काही बुरशी राहतातच. कपाळ, नाकाच्या बाजू आणि पाठ येथे तेल अधिक सुटते. तेथे क्युटिबॅक्टेरियम नावाचे जिवाणू आणि मॅलासेझिया ही यीस्टवर्गीय बुरशी सुखाने नांदते. काखेसारख्या दमट जागी कोरिनेबॅक्टेरियम व स्टॅफिलोकॉकस कुळातील जिवाणू असतात. (घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. हे जिवाणू घामातील घटकांचे विघटन करतात, तेव्हा तो येतो.) हाताची कोरडी त्वचा आणखी वेगळी.

फिलिप प्राइस या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९३८ साली हातांच्या त्वचेवरील जिवाणूंचा बारकाईने अभ्यास करून त्यांचे दोन गट पाडले : कायमचे रहिवासी आणि तात्पुरते पाहुणे. पाहुणे जिवाणू दाराची कडी, खाटेचा कठडा किंवा दुसऱ्या रुग्णाचे शरीर यांच्या स्पर्शाने हातावर येतात आणि साध्या साबण-पाण्याने बहुतांशी निघून जातात. रहिवासी मात्र त्वचेच्या थरांत व केसांच्या मुळांशी वस्तीला असतात. धुतल्याने त्यांची संख्या घटली तरी काही काळाने ती पूर्ववत होते. हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहिले तर पाहुणे हे चालू खात्यातील उलाढालीसारखे आणि रहिवासी हे राखीव निधीसारखे. रुग्णालयातील बहुतेक संसर्ग हातोहात पसरतात ते पाहुण्यांमुळे.

रहिवाशांचा आपल्याला उपयोग काय, हा प्रश्न कोणासही पडेल. एक म्हणजे ते जागा व अन्न अडवून ठेवतात. उपद्रवी जंतूंना पाय रोवायला वाव राहत नाही. दुसरे, त्वचेतून पाझरणाऱ्या तेलाचे विघटन करून ते मेदाम्ले तयार करतात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग सौम्य आम्लधर्मी, म्हणजे सुमारे पाच सामू असलेला असतो, त्याला या मेदाम्लांचाही हातभार लागतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गळवे, जखमा चिघळणे आणि रक्तातील जंतुसंसर्ग यांना कारणीभूत होणारा जिवाणू अशा आम्लधर्मी पृष्ठभागावर सहजी वाढत नाही. याहून नवलाची गोष्ट २०१७ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथील संशोधकांनी प्रसिद्ध केली. निरोगी माणसांच्या त्वचेवरील काही निरुपद्रवी स्टॅफिलोकॉकस जिवाणू स्वतःच असे पदार्थ तयार करतात, की जे ऑरियसला मारतात. इसबाच्या रुग्णांच्या त्वचेवर असे रक्षक जिवाणू फार कमी आढळले.

आता साबणाकडे वळू. साध्या वडीच्या साबणाचा सामू साधारण नऊ ते दहा, म्हणजे स्पष्टपणे अल्कधर्मी. निरोगी माणसाने दिवसातून एकदा तो लावला तर त्वचा काही तासांत आपला आम्लधर्म परत मिळवते. परंतु दिवसातून तीनतीनदा अंग घासणे किंवा आंघोळीच्या बादलीत रोज झाकणभर जंतुनाशक द्रव टाकणे यांमुळे त्वचेवरील तेल धुपते, तिला सूक्ष्म भेगा पडतात आणि नेमके नको ते जंतू आत शिरू लागतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ रसायने असलेल्या घरगुती जंतुनाशक साबणांच्या विक्रीस मनाई करण्याचा निर्णय घेतला. हे साबण साध्या साबण-पाण्यापेक्षा अधिक गुणकारी आहेत, याचा पुरावा उत्पादकांना देता आला नव्हता. हा निर्णय घरगुती वापरापुरता होता, रुग्णालयांतील उत्पादनांना तो लागू नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

या विषयाचे खरे महत्त्व जाणवते ते नवजात शिशू कक्षात. सामान्य प्रसूतीने जन्मलेल्या बाळाच्या अंगावरचे पहिले जिवाणू आईच्या जननमार्गातील असतात. सिझेरियनने जन्मलेल्या बाळाला ते प्रामुख्याने त्वचेच्या स्पर्शातून मिळतात. दोन्ही परिस्थितींत परिचारिकेच्या किंवा शेजारच्या खाटेवरील पाहुण्याच्या हातावरील जंतूंआधी आईचे जंतू बाळापर्यंत पोहोचावेत, हे इष्ट. म्हणूनच जन्मतःच्या पांढरट चिकट लेपासह बाळ केवळ कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवले जाते आणि पहिली आंघोळ किमान चोवीस तास लांबवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही हीच आहे. आजीबाईंना हे रुचत नाही. बाळ ‘न धुता’ ठेवले म्हणून आमच्या परिचारिकांना बोल ऐकावे लागतात. वडीलधाऱ्या मंडळींना नम्र विनंती, की तो लेप म्हणजे मळ नव्हे. तो बाळाला ऊब देतो, त्वचा ओलसर राखतो आणि जंतूंना अटकाव करणारे घटकही त्यात असतात.

कमी वजनाच्या बाळांबाबत तर हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८-७९ च्या सुमारास सुरू झालेली ‘कांगारू माता सेवा’ आता जगन्मान्य आहे. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक ते १.८ किलोपर्यंतच्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवण्यात आले. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले; संशयित जंतुसंसर्गही घटला. याचे श्रेय एकट्या जिवाणूंना देता येणार नाही. ऊब, स्तनपान आणि आईचे सतत लक्ष यांचाही त्यात वाटा आहेच. ढाक्याच्या शिशू रुग्णालयातील २००५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोगही बोलका आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावल्यावर रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. अखंड त्वचा हीच अशा बाळाची पहिली तटबंदी. मात्र अशा नाजूक बाळाला घरच्या घरी कोणतेही तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. जोराने चोळणे तर अगदीच वर्ज्य.

रहिवासी जिवाणू नेहमीच मित्र असतात असे मात्र नाही. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा त्वचेवर निरुपद्रवी असणारा जिवाणू सलाइनच्या नळीवाटे रक्तात किंवा कृत्रिम सांध्यावर पोहोचला, तर तोच वैरी होतो. यास्तव नळी घालताना व शस्त्रक्रियेपूर्वी तेवढ्याच भागावरील रहिवाशांची संख्याही जाणीवपूर्वक घटवावी लागते; तेथे अल्कोहोलमिश्रित क्लोरहेक्सिडीन वापरले जाते. शस्त्रक्रियेच्या जागी वस्तऱ्याने दाढी करण्याची जुनी रीत जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत निषिद्ध ठरवली आहे, कारण वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. केस काढणे आवश्यकच असेल तर ते यंत्राने कापावेत. ‘आदल्या रात्री घरीच साफ करून आणले आहे’ असे नातेवाईक कौतुकाने सांगतात. कृपया तसे करू नये.

हातांबाबत मात्र सवलत नाही. रुग्णाला भेटण्यापूर्वी व भेटल्यानंतर प्रत्येकाने हात स्वच्छ केलेच पाहिजेत. हात दिसायला मळलेले नसतील तर अल्कोहोलयुक्त द्रव वीस ते तीस सेकंद चोळणे पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या द्रवात ग्लिसरीन असते. पाळीत कित्येकदा हात स्वच्छ करणाऱ्या परिचारिकांची त्वचा फाटू नये, हा त्याचा हेतू. भेगाळलेल्या हातांवर घातक जंतू अधिक टिकतात, म्हणून परिचारिकांसाठी हाताला लावण्याचे साधे क्रीम हा चैनीचा खर्च नव्हे, असे खर्चाच्या बाबतीत काटेकोर असूनही आमचे मत आहे.

घरगुती उपचारांतील एका घातक सवयीचाही उल्लेख करणे भाग आहे. नायटा वा गजकर्ण झाले की दुकानातून स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक यांचे मिश्रण असलेले मलम आणून लावले जाते. दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टेरॉइड त्वचेची प्रतिकारशक्ती दडपते. बुरशी मात्र निर्धास्त पसरते. भारतात फैलावलेली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी, जिला हे नाव २०२० मध्ये मिळाले, नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला पुष्कळदा दाद देत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. तरीही शेजाऱ्याने दिलेली अर्धी ट्यूब हातात घेऊन रुग्ण येतातच.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या शुश्रूषेत कोमट पाणी, सौम्य साबण, घड्यांतील जागा हळुवार टिपून कोरड्या करणे आणि कोरड्या त्वचेस तेल एवढे पुरेसे होते. मधुमेहींनी पायांच्या बोटांमधील जागा कोरडी ठेवावी व तेथे तेल लावू नये.

ज्या दात्यांना वस्तुरूपानेच साहाय्य करावयाचे असेल त्यांनी अल्कोहोलयुक्त हात-द्रव, केस कापण्याच्या यंत्राची पाती, साधा सौम्य साबण, बाळांच्या सुती टोप्या व मोजे, तसेच कांगारू माता सेवेसाठी मातांना बसण्याच्या आरामखुर्च्या यांचा विचार करावा. खरेदीपूर्वी भांडारप्रमुखांशी बोलल्यास नेमकी गरज कळेल. वस्तूंची रीतसर पावती दिली जाते. मात्र आयकरातील सवलत पैशाच्या रूपातील देणगीसच मिळते आणि २,००० रुपयांहून अधिक रोख रकमेस ती मिळत नाही, म्हणून अशी रक्कम धनादेशाने द्यावी.