खुबा बदलल्यावर पाय सुजला, तर चोळू नका

खुब्याचा सांधा बदलला, रुग्ण घरी आला, टाकेही निघाले. आता धोका टळला, असे घरच्यांना वाटते. मात्र पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती त्यानंतरही काही आठवडे राहते. माहूरहून नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरहून दूर आहे. त्यामुळे धोक्याची लक्षणे घरातल्यांनाच ओळखता यायला हवीत.

गुठळी होण्याची कारणे तीन : रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. या शस्त्रक्रियेत तिन्ही एकत्र येतात. शस्त्रक्रियेनंतर पायाला थोडी सूज असतेच. पण ती अचानक वाढली, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तेल लावून पाय चोळू नये. गुठळी सुटून फुफ्फुसात अडकू शकते. एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे, भोवळ येणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

निदान डॉप्लर सोनोग्राफीने होते. उपचारात हेपॅरिनची इंजेक्शने किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देतात. त्या साधारण किमान तीन महिने चालतात. ही औषधे गुठळीची वाढ रोखतात. ती विरघळवण्याचे काम शरीर हळूहळू करते. म्हणून सूज उतरली की गोळ्या बंद करणे धोक्याचे.

गुठळी होऊच नये म्हणून शस्त्रक्रियेनंतर १० ते ३५ दिवस औषध देतात. सोबत लवकर चालणे आणि घोटे हलवणे महत्त्वाचे. या काळात दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. काळी शौच झाली किंवा जखमेतून रक्त आले, तर डॉक्टरांना कळवावे.

धमनीला इजा होणे क्वचित घडते, पण तिथे वेळ फारच कमी असतो. पाय गार, फिकट, बधिर पडला, तर काही तासांतच रक्तपुरवठा पूर्ववत करावा लागतो. नाहीतर पाय गमावण्याची वेळ येते.

रुग्णालयातून घरी निघताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : औषध किती दिवस घ्यायचे, डॉप्लर जवळ कुठे होते आणि रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा.