मूठ, वाळू आणि टिकाव

१९१९ साली सातारा जिल्हा आजच्याहून बराच मोठा होता. खानापूर, वाळवा, तासगाव हे तालुके तेव्हा साताऱ्यातच मोडत. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ साली, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. कराड तालुक्यातल्या काले गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, ती म्हणूनच दोन्ही जिल्ह्यांची सामाईक मिळकत. संस्थेजवळ पैसा नव्हता, रयतेजवळही नव्हता. भाऊरावांनी मागितलं मूठभर धान्य. घरातल्या बाईनं रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढायची आणि साठलेलं धान्य वसतिगृहाच्या कोठीत जायचं.

ही मागणी मोठी हिशेबी होती. मुठीनं कोणाची चूल विझत नाही, त्यामुळे नाही म्हणायला सबब उरत नाही. मागणारा स्वतः काय देतो, हेही लोकांना दिसत होतं. साताऱ्याच्या वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही विकलं. पुढे १९४८ मध्ये मुंबई सरकारनं संस्थेचं अनुदान थांबवलं, तरी शाळांना टाळी लागली नाहीत. ज्या घरातून मूठ गेली होती, त्या घराला शाळा परकी वाटत नव्हती.

अर्थशास्त्रज्ञांना मात्र अशी माणसं फार काळ पटली नाहीत. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली मांडलं, की लाभ सगळ्यांनाच मिळणार असेल तर शहाणा माणूस आपला वाटा उचलणार नाही. पुढे प्रयोगशाळांत हे तपासलं गेलं. चार जणांना थोडे पैसे द्यायचे, हवे तेवढे सामाईक पेटीत टाकायला सांगायचे, पेटीतली रक्कम वाढवून सर्वांना सारखी वाटायची. पहिल्या फेरीत लोक साधारण निम्मे पैसे टाकतात, मग फेरीगणिक हात आखडतो. झुरिकमधल्या संशोधकांना २००१ साली आढळलं, की सुमारे निम्मी माणसं इतरांकडे पाहून देतात: तुम्ही टाकाल तर मी टाकेन. म्हणजे फुकट्यांपेक्षा मोठा गट काठावर उभं राहून दुसऱ्याकडे बघणाऱ्यांचा. खानापूर तालुक्यातल्या कोणत्याही पारावर हे फुकटात कळलं असतं.

त्याच तालुक्यात या शतकभराचा सगळ्यात धाडसी प्रयोग झाला. मुंबईचा गिरणी संप फसल्यावर गिरणी कामगार गावी परतले, तो ऐंशीच्या दशकातला दुष्काळाचा काळ. येरळा नदी कोरडी, आणि तिच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. वाळू गेली की पात्रात पाणी मुरत नाही आणि काठच्या विहिरी आटतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. डॉ. भारत पाटणकर यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीनं आणि बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी सरकारपुढे उलटाच प्रस्ताव ठेवला: ठेकेदारी बंद करा, मर्यादित वाळू आम्हीच विकतो आणि त्या पैशातून धरण बांधतो. परवानगीसाठीही झगडावं लागलं. अभियंता के. आर. दाते यांची तांत्रिक मदत होती, लोकविज्ञान संघटनेचे कार्यकर्ते होते, शहरांतले विद्यार्थी श्रमदानाच्या शिबिरांना येत. बलवडीचे संपतराव पवार यांनी हे काम अंगावर घेतलं. नव्वदच्या सुमारास बळीराजा धरण उभं राहिलं.

बांधण्याआधीच एक गोष्ट ठरली होती, आणि खरी गंमत तिच्यात आहे. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचं नाही. वाटा सर्वांना सारखा, भूमिहीनालाही. उसाला हे पाणी द्यायचं नाही, हेही ठरलं. सांगली जिल्ह्यात असं ठरवणं म्हणजे साखरेच्या राज्यात मिठाचा सत्याग्रह. ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्यानं दुसऱ्याच्या शेतासाठी घमेलं का उचलावं, या प्रश्नाला इथे उत्तर होतं. बहुतेक गावांत तो विचारलाच जात नाही.

सरकारी पाणीयोजनांतली लोकवर्गणी याच ठिकाणी अडखळते. दहा टक्के वाटा गावानं भरायचा असा नियम येतो आणि कित्येकदा एखादा पुढारी किंवा ठेकेदारच सगळ्यांच्या वतीनं तो भरून टाकतो. कागद पूर्ण होतो, पण मोटार जळाली की गाव त्याच्याच दाराकडे बघतं.

२०१६ साली पानी फाउंडेशननं गावागावांत पाणी जिरवण्याच्या कामाची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत घेतली. साताऱ्याचा कोरेगाव हा त्यांतला एक, आणि पहिला आला त्याच तालुक्यातला वेळू. २०१८ मध्ये माण तालुक्यातलं टाकेवाडी पहिलं आलं. उन्हाळ्याचे पंचेचाळीस दिवस, पहाटे टिकाव-फावडी घेऊन डोंगरउतारावर चर खोदायचे. काठावरच्या माणसासाठी याहून चांगली व्यवस्था नाही, कारण कोण आलं आणि कोण घरी झोपलं हे सगळ्या गावाला दिसतं. शिवाय शेजारचं गाव पुढे जाईल ही धास्ती. माणच्या माणसाला दुष्काळ नवा नव्हता; त्याच्याशी लढायची तारीख ठरलेली असणं नवं होतं.

पण चरांत मुरलेलं पाणी वर येतं ते विहिरीत नाहीतर बोअरमध्ये, आणि त्यांना मालक असतो. श्रमदान सगळ्यांनी केलं तरी उपसा त्याचाच, ज्याची जमीन. पिण्याच्या पाण्याची वणवण थांबली तर भूमिहीनालाही लाभ होतो, हे खरं. तरीही बळीराजाच्या शेजारी ठेवलं की स्पर्धेचा हिशेब अपुरा वाटतो. २०१९ नंतर ती स्पर्धा भरलीही नाही. चरांतला गाळ मात्र दरवर्षी काढावा लागतो आणि त्याला बक्षीस नसतं.

अलीकडचं उदाहरण पाण्याचं नाही. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये ठरवलं, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावं, बोलावं. पुरुषांनी आधी हसण्यावारी नेलं, बायकांनी उचलून धरलं. दार लावून मालिका पाहणाऱ्याला पकडणार कोण, हा प्रश्न होताच. पण एका घरातला टीव्ही चालू राहिला, की शेजारचं पोर अभ्यासावरून उठणार. म्हणून सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी सातनंतर घरोघरी फेरी मारत, आणि टीव्ही चालू असेल त्या घरी थांबून बंद करायला सांगत.