अण्णांची रंगपेटी

खांद्याला लाकडी पेटी, काखेत तीन पायांचे ईझल, एका हातात चिंध्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात टर्पेंटाइनची बाटली, असा थाट करून मी गेल्या पौषात पहाटे पाच वाजता पुण्याहून वाईला निघालो, तेव्हा आमच्या मंडळींनी एवढेच विचारले, "भांड्यांना कल्हई लावायला निघालात वाटतं?"

पेटी माझी नव्हे, अण्णांची. अण्णा माझे थोरले बंधू. आमचे बालपण वाईत गेले. मेणवलीच्या घाटावर बसून चित्रे काढणे हा अण्णांचा एकच छंद, आणि मॅट्रिक झाल्यावर मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये जायचे हे ठरलेले. तैलरंगांची पेटीही आणून झाली होती. पण १९६१ साली वडील गेले. मी आठ वर्षांचा होतो. अण्णांनी नोकरी धरली आणि पेटी माळ्यावर गेली. पुढे मी शिकलो, पेन्शनीत निघालो, आणि रिकाम्या वेळात रंग हाती घेतले ते मी! आज अण्णा ब्याऐंशी वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. एक दिवस म्हणाले, "माझी पेटी घेऊन जा, आणि मेणवलीचा घाट तेलात करून आण. फोटोवरून नको, तिथं बसून."

पेटीतल्या नळ्या केव्हाच दगड झाल्या होत्या. पण या नळीचे उपकार आहेत बरे का! पूर्वी चित्रकार तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत. त्या फुटत, रंग वाळे. १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या दाबता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले आणि तैलरंग खिशात घालून रानावनात नेण्याची सोय झाली.

साडेआठाला घाटावर पोचलो. नाना फडणविसांचा वाडा, खाली चंद्रकोरीसारख्या वळलेल्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, देऊळ, आणि वसईच्या पोर्तुगीजांकडून आलेली ती प्रसिद्ध घंटा. ईझल मांडले न मांडले तोच दोन पोरे धावत आली. "शूटिंग हाय का?" इथे 'स्वदेस'चे चित्रीकरण झाल्यापासून तीन पायांची वस्तू दिसली की हाच प्रश्न! एक म्हातारा रंगवणार आहे हे कळल्यावर ती निराश होऊन निघून गेली.

तैलरंगाची मजा अशी, की जलरंगात कागदाचा पांढरा राखावा लागतो, इथे पांढरा सगळ्यांत शेवटी येतो. आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाने सगळा कॅनव्हास तांबूस करायचा, मग गडद भाग बसवायचे. काळा रंग मी वापरीत नाही. अल्ट्रामरीन निळ्यात तोच सिएना मिसळला की असा जिवंत काळा निघतो, की कृष्णाकाठचा दगड त्यातूनच घडवला असावा. पातळ आधी, तेलकट नंतर, हा नियम मोडला तर पुढे वरच्या थराला भेगा पडतात. कारण जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेत दिवसेंदिवस सावकाश घट्ट होते.

हे सारे मला पाठ होते. फसलो ते उन्हात. एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त बसू नये, कारण तोवर उजेड बदलतो, हे कुणीही शिकवील. पण चित्र अण्णांना न्यायचे होते! हात आखडता घेववेना. साडेअकरा झाले तरी मी रंगवीतच होतो. धुणे आपटून परतणाऱ्या एक आजीबाई मागे उभ्या राहिल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "झ्याक हाय. पर दादा, देवळाची सावली सकाळची, आन् बायांची दुपारची. आसं कसं?"

खरेच होते. देवळाची सावली लांबलचक पसरलेली आणि धुणेवाल्यांची पायांशी गोळा झालेली. रंग खरवडण्याची सुरी हातात घेतली. पण खरवडून काय लावणार? सकाळ तर निघून गेली होती.

ओले चित्र एसटीतून नेणे हे एक दिव्यच असते. बारा बाय सोळा इंचांचा कॅनव्हास मांडीवर आडवा धरून बसलो. तरी शेजाऱ्याच्या बाहीला थोडे आकाश लागलेच. घरी मुलगा म्हणाला, "मोबाइलवर फोटो काढलाय ना? त्यावरून सावल्या दुरुस्त करा." मोह झाला, नाही असे नाही. पण अण्णांची अट आठवली आणि तसाच त्यांच्याकडे गेलो.

उशीला टेकून बसवले. चष्मा लावून ते पाहत राहिले. मी घाईने म्हणालो, "अण्णा, सावल्या चुकल्यात."

"दिसतंय. आधी कुठली काढलीस?"

"देवळाची."

"मग तीच खरी. बाया सकाळच्या कर. पुन्हा जा, आणि दहाच्या आत ऊठ." मग जरा थांबून म्हणाले, "घंटा दिसत नाही ती?"

"देवळाआड गेली."

"नाही. मी बसायचो तिथून दिसते. चार पायऱ्या खाली बस."

एवढे बोलून त्यांनी बोट पुढे केले आणि पाण्यावरच्या ओल्या पांढऱ्यात टेकवले. बोट नाकाशी नेले. सूनबाई ओले फडके घेऊन आली, तर हात मागे घेतला. संध्याकाळी मी निघालो तेव्हाही बोटाचा पांढरा तसाच होता.